इंग्लंडमध्ये आईवडिलांना केअर होममध्ये ठेवायची वेळ आली तर: असेसमेंट, पैसे आणि आम्ही केलेल्या चुका

माझ्या सासूबाईंचं पहिलं असेसमेंट, म्हणजे देखभालीची गरज किती आहे ते बघणारी काउन्सिलची (इथल्या पालिकेची) तपासणी, पाऊण तासात उरकलं आणि ते मीच घालवलं. सोशल वर्कर येणार म्हणून मी सकाळी जाऊन घर आवरलं, आईंना आंघोळ घातली, इस्त्रीची साडी नेसवली, वेणी घातली. पाहुणे आल्यावर आई एकदम खुलल्या, "यू विल हॅव टी?" वगैरे सुरू, सगळं मी करते, मला कसलाच त्रास नाही. चहा अर्थातच मी केला, कारण त्याच आठवड्यात त्यांनी दोनदा गॅस उघडा ठेवला होता. आणि सोशल वर्करने मला विचारलं तेव्हा मी काय म्हणाले? "वी मॅनेज, आम्ही आहोत ना." रिपोर्ट आला: गरजा कुटुंबाकडून भागवल्या जात आहेत.

तेव्हा हे सगळं त्या दिवशीच्या मला सांगतेय असं समजून लिहिलंय. फक्त इंग्लंडपुरतं आहे हां. स्कॉटलंडमध्ये पर्सनल केअर फुकट मिळते आणि वेल्समध्ये पैशांची मर्यादा वेगळी आहे (५०,००० पौंड), त्यामुळे तिथे राहणाऱ्यांनी पैशांचे आकडे यातून उचलू नका. आणि मी वकील नाही, घर किंवा मृत्युपत्राचा प्रश्न असेल तर सॉलिसिटरचे पैसे द्याच.

१. सगळ्यात आधी पॉवर ऑफ अॅटर्नी

केअर होमचा विचारही मनात नसेल तरी हे करून ठेवा. लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी (आईवडिलांच्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार देणारा कागद) दोन असतात, एक पैसे-मालमत्तेची आणि एक तब्येत-देखभालीची, दोन्ही वेगळ्या भराव्या लागतात आणि फीही दोनदा. सही करताना आईवडिलांना आपण काय करतोय हे कळत असायला हवं, ही अट आहे. डिमेंशिया पुढे गेला की दार बंद, मग कोर्ट ऑफ प्रोटेक्शनकडे डेप्युटी (कोर्टाने नेमलेला, त्यांच्या वतीने निर्णय घेणारा) व्हायला अर्ज करायचा, त्यात महिनोन्महिने जातात आणि खर्चही बराच होतो. ऑफिस ऑफ द पब्लिक गार्डियनकडे रजिस्टर झाल्याशिवाय पॉवर ऑफ अॅटर्नी वापरता येत नाही आणि त्यालाही काही आठवडे लागतात.

आपल्याकडे हा विषय काढणं म्हणजे "आता माझ्या पैशावर डोळा का" असं होतं. आमच्याकडे झालंच. शेवटी नवऱ्याने आधी स्वतःची करून घेतली, मग आईंना म्हणाला बघ मी पण केली, तेव्हा त्यांनी सही केली.

२. काउन्सिलला फोन करून "केअर नीड्स असेसमेंट" मागा

काउन्सिलच्या अॅडल्ट सोशल केअर विभागाला फोन करा किंवा वेबसाइटवर फॉर्म भरा. केअर अॅक्ट २०१४ प्रमाणे ज्याला मदतीची गरज असेल असं दिसतंय त्याचं असेसमेंट करणं काउन्सिलला बंधनकारक आहे, ते फुकट असतं, आणि बँकेत किती पैसे आहेत याचा इथे काही संबंध नाही. पहिला सापळा इथेच. फोनवरची व्यक्ती पहिल्याच मिनिटात विचारते, स्वतःचं घर आहे का, सेव्हिंग २३,२५० पौंडांच्या वर आहे का, आणि हो म्हटलं की "मग तुम्ही सेल्फ-फंडर (खर्च स्वतः करणारे), तुमचं तुम्ही होम शोधा." तसं नाही. शांतपणे म्हणा, पैशांचं नंतर बघू, आधी नीड्स असेसमेंट करा. पुढे पैसे संपले की हाच कागद कामाला येतो.

अजून तीन गोष्टी, पहिल्या दोन त्याच फोनमध्ये सांगून टाका, तिसरी फोननंतर करा:

- तुमचं स्वतःचं केअरर्स असेसमेंट पण हवंय. जी सून किंवा मुलगी सगळं करतेय तिचा हा हक्क आहे.
- दुभाषी हवाय. डिमेंशियात नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते. आमच्या आई पन्नास वर्षं इथे राहिल्या, पोस्टात नोकरी केली, आणि आता अर्धं वाक्य इंग्रजीत सुरू होऊन मराठीत संपतं. घरच्यांनीच भाषांतर केलं की नकळत आपण सारवासारव करतो, म्हणून बाहेरचा माणूस बरा.
- काय बोललो, कोणाशी, किती वाजता, हे त्याच दिवशी इमेल करून ठेवा. नुसत्या फोनवर काही ठेवू नका.

आईवडील डिपेंडंट व्हिसावर आले असतील तर थोडं थांबा. पहिली ५ वर्षं तुम्ही स्पॉन्सर म्हणून लेखी हमी दिलेली असते आणि पेन्शन क्रेडिटसारखे (कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठीचे) बेनिफिट त्यांना घेता येत नाहीत. काउन्सिलची सोशल केअर व्हिसाने बंद केलेल्या सरकारी मदतीच्या, म्हणजे पब्लिक फंड्सच्या, यादीत येत नाही, म्हणजे असेसमेंट मागितलं म्हणून व्हिसाची अट मोडली असं होत नाही, पण पुढचं पाऊल टाकायच्या आधी इमिग्रेशनवाल्या सॉलिसिटरला विचारा.

३. दोन आठवडे वही लिहा

असेसमेंटची तारीख मिळाली की एक वही करा. रोजचं काय घडलं ते, तारीख-वेळेसकट. "रात्री नीट झोपत नाहीत" असं नको, "मंगळवार, रात्री २ वाजून १० मिनिटांनी दार उघडून बाहेर, चप्पल नाही, शेजाऱ्यांनी फोन केला" असं. पडणं, गोळ्या दोनदा घेणं, फ्रिजमधलं कच्चं खाणं, बाथरूमला वेळेवर न पोचणं, चिडून हात उगारणं. लिहिताना आपलीच लाज काढतोय असं वाटतं. मला तर शू-शीचं लिहिताना आईंचा अपमान करतेय असं वाटायचं. तरी लिहा, कारण लेखी नसलेलं कोणी धरत नाही.

४. असेसमेंटच्या दिवशी काय करायचं, काय नाही

काउन्सिल तीन गोष्टी बघतं. गरज ही आजारामुळे किंवा शारीरिक-मानसिक अपंगत्वामुळे आहे का, कायद्यात दिलेल्या दहा गोष्टींपैकी दोन किंवा जास्त गोष्टी जमत नाहीत का, आणि त्याचा त्यांच्या जगण्यावर मोठा परिणाम होतोय का. त्या दहात खाणंपिणं, स्वच्छता, टॉयलेट, कपडे घालणं, घरात सुरक्षित वावरणं, घर राहण्याजोगं ठेवणं, नातीगोती टिकवणं वगैरे येतं. "जमत नाही" मध्ये कोणाच्या मदतीशिवाय जमत नाही, जमतं पण खूप वेळ लागतो, जमतं पण वेदना होतात किंवा धोका असतो, हे सगळं धरतात. हे माहीत असलं तर उत्तरं वेगळी देता येतात. "आई आंघोळ करतात का?" याचं खरं उत्तर हो नाही. खरं उत्तर: मी पाणी काढते, टॉवेल हातात देते, बाहेर उभी राहते, आणि मागच्या महिन्यात दोनदा घसरल्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला दुसऱ्या असेसमेंटच्या आधी एका मैत्रिणीने सांगितलं. तुम्ही करता ती मदत वजा करून सांगा. एलिजिबिलिटी (पात्रता) ठरवताना घरचे काय करतात ते बाजूला ठेवून बघायचं असतं. पण तुम्ही स्वतः "आम्ही करतो, पुढेही करू" म्हणालात की ती गरज भागवायची जबाबदारी काउन्सिलवर राहत नाही. आपल्याला आईवडिलांचं करतो म्हणण्यात अभिमान असतो, आणि इथे नेमका तोच नडतो. जे पुढे करणं शक्य नाही ते स्पष्ट म्हणा, "हे मला यापुढे जमणार नाही." मला ते वाक्य आरशासमोर म्हणून बघावं लागलं.

त्या दिवशी घर आवरू नका. साडी नेसवू नका, गाऊनवर असतील तर असू दे. आई "आय अॅम फाइन" म्हणाल्या तर त्यांच्या तोंडावर खोडू नका, सोशल वर्करला पाच मिनिटं वेगळं बोलायचंय असं आधीच सांगून ठेवा आणि तेव्हा वही द्या. शेवटी असेसमेंटची लेखी कॉपी मागा, चूक असेल तर दुरुस्ती लिहून पाठवा.

५. काउन्सिलच्या पैशांआधी एनएचएसचं विचारा

हे बहुतेकांना माहीतच नसतं. कंटिन्युइंग हेल्थकेअर, म्हणजे सीएचसी, मंजूर झालं तर केअर होमचा सगळा खर्च एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) देतं, घर आणि सेव्हिंग बघतच नाहीत. मिळणं अवघड आहे हे खरं, पण विचारल्याशिवाय तर नक्कीच मिळत नाही.

आधी चेकलिस्ट होते, ती नर्स किंवा सोशल वर्कर भरतात. त्यात ११ विभाग, प्रत्येकाला ए, बी किंवा सी. दोन ए, किंवा पाच बी, किंवा एक ए आणि चार बी, किंवा तारांकित विभागात एक ए मिळाला की पुढचं पूर्ण असेसमेंट होतं. चेकलिस्ट मुद्दाम सैल ठेवलेली आहे, त्यामुळे तिथे पास झालात म्हणून पेढे वाटू नका. पूर्ण असेसमेंटमध्ये १२ विभाग असतात (श्वास, खाणं, त्वचा, हालचाल, बुद्धी, वागणूक, औषधं वगैरे) आणि मुख्य गरज आरोग्याची आहे का हे ठरवतात. निर्णय साधारण २८ दिवसांत यायला हवा. आजाराचं नाव इथे पुरत नाही, "अल्झायमर आहे" याला स्वतःचे मार्क नाहीत, त्यामुळे काय काय होतं आणि ते किती अनपेक्षित, किती तीव्र, ते सांगावं लागतं.

आणि इथेही तोच खेळ. "गोळ्यांमुळे आता शांत असतात" म्हणून वागणुकीला कमी मार्क द्यायला निघाले तर अडवा, नीट सांभाळलेली गरज ही गरजच असते, हे एनएचएसच्या नॅशनल फ्रेमवर्कमध्येच लिहिलंय. बीकन नावाची संस्था सीएचसीवर सुरुवातीचा सल्ला फुकट देते, मीटिंगच्या आधी त्यांच्याशी बोला.

आमचं चेकलिस्टला झालं, पुढे नाही म्हणाले. पण नर्सिंग होममध्ये गेल्यामुळे एनएचएसचा नर्सिंग केअरचा ठरावीक हिस्सा मिळाला, तो आठवड्याला असतो आणि थेट होमला जातो. बिलातून तो वजा झालाय का ते मात्र दर वर्षी बघा. माणूस शेवटच्या टप्प्यात असेल तर सीएचसीचा फास्ट ट्रॅक असतो, डॉक्टर किंवा नर्सला सरळ विचारा. आणि कोणी मेंटल हेल्थ अॅक्टच्या सेक्शन ३ खाली (उपचारासाठी सक्तीने) दाखल झालं असेल तर नंतरची देखभाल सेक्शन ११७ मध्ये फुकट असते, हे तर कोणी आपण होऊन सांगत नाही.

६. पैशांचं असेसमेंट

गरज मान्य झाली की मग हे. आकडे असे:

- २३,२५० पौंडांच्या वर भांडवल (सेव्हिंग आणि मालमत्ता) असेल तर पूर्ण खर्च तुमचा.
- १४,२५० च्या खाली असेल तर भांडवलाला हात लावत नाहीत, फक्त पेन्शन वगैरे उत्पन्न जातं.
- मधलं असेल तर दर २५० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरतात. आईंचे घर सोडून १९,००० होते, म्हणजे १४,२५० च्या वर ४,७५०, त्याला २५० ने भागा, आठवड्याला १९ पौंड.

हे आकडे २०१० पासून हललेले नाहीत. आयुष्यभरात ८६,००० पौंडांच्या वर खर्च करावा लागणार नाही अशी एक योजना येणार होती, ती जुलै २०२४ मध्ये रद्द झाली, तरी व्हॉट्सअॅपवर अजून फिरतेय. उत्पन्नातून आठवड्याला तीसेक पौंड हातखर्चाला ठेवू देतात, त्यात केस कापणं, साबण, देवाची उदबत्ती, सगळं.

फक्त होममध्ये जाणाऱ्या माणसाचे पैसे मोजतात, नवरा-बायकोचे एकत्र नाही. जॉइंट खातं असेल तर निम्मे धरतात. नोकरीच्या पेन्शनचा अर्धा भाग घरी राहणाऱ्या जोडीदाराला देत असाल तर तो अर्धा सोडतात, पण सांगावं लागतं.

आता आपल्या लोकांचा खास घोळ, भारतातली मालमत्ता. "ते इंडियातलं आहे, इथे कशाला सांगायचं" असं म्हणणारे दर पूजेला भेटतात. सांगायचंच असतं, परदेशातलं भांडवलही धरतात. माझ्या एका मैत्रिणीच्या वडिलांचा डोंबिवलीचा फ्लॅट होता, भाड्याचे पैसे एनआरओ खात्यात, तिने फॉर्ममध्ये लिहिला नाही, वर्षभराने बँक स्टेटमेंटमधून निघाला आणि मग मागची सगळी वसुली. आमच्या आईंचं कोकणात वडिलोपार्जित घर आणि थोडी जमीन, सातबाऱ्यावर अकरा नावं. काउन्सिलने आधी पूर्ण किंमत विचारली. आम्ही सातबारा, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि तिथल्या व्हॅल्युअरचं पत्र दिलं. सामायिक जमिनीतल्या एकट्या हिश्श्याला आजच्या घडीला कोण घेणार आणि किती देणार, हा खरा प्रश्न असतो. त्यांनी अगदी किरकोळ रक्कम धरली. यात तीन महिने गेले, म्हणून कागद आधीच मागवून ठेवा.

काय धरत नाहीत: अंगावरचे आणि घरातले जुने दागिने (वैयक्तिक वस्तू म्हणून, अर्थात पैसे लपवायला घेतलेले नसतील तर), आणि लाइफ इन्शुरन्सची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे एखादी जुनी एलआयसी चालू असेल तर ती. मुदत संपून पैसे खात्यात आले की मात्र धरतात.

आणि "घर सात वर्षं आधी मुलाच्या नावावर केलं की झालं" हे डोक्यातून काढा. सात वर्षं हा इनहेरिटन्स टॅक्सचा (वारसा कराचा) नियम. केअरचा खर्च चुकवायला मालमत्ता दिली असं काउन्सिलला वाटलं तर किती वर्षांपूर्वी दिली याला ठरावीक मुदत नाही, ती अजून त्यांचीच आहे असं धरून हिशोब करतात.

या टप्प्यावर लागणारे कागद:

- पासपोर्ट, नॅशनल इन्शुरन्स नंबर
- सगळ्या खात्यांची स्टेटमेंट, निदान वर्षभराची, भारतातली पण
- स्टेट पेन्शन, नोकरीचं पेन्शन, बेनिफिट यांची पत्रं
- घराचे कागद, मॉर्गेज असेल तर तेही
- भारतातली मालमत्ता: सातबारा किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भाषांतरासह
- पॉवर ऑफ अॅटर्नी
- नीड्स असेसमेंटची कॉपी, जीपीकडून (फॅमिली डॉक्टरकडून) औषधांची यादी

७. राहत्या घराचं काय

घरात जोडीदार राहत असेल तर घर मोजत नाहीत. आधीपासून तिथे राहणारा ६० किंवा जास्त वयाचा नातेवाईक असेल, अपंग नातेवाईक असेल, किंवा त्यांचं १८ च्या आतलं मूल असेल तरी नाही. आमच्या आई एकट्या राहायच्या, आम्ही दहा मिनिटांवर, त्यामुळे घर मोजलं गेलं.

पण लगेच विकायला काढू नका. बाकीचं भांडवल मर्यादेत असेल तर कायमचं राहायला गेल्यापासून पहिले १२ आठवडे घर धरत नाहीत. त्यानंतर डिफर्ड पेमेंट अॅग्रीमेंट मागता येतं: काउन्सिल बिल भरतं, घरावर बोजा चढवतं, व्याज लावतं, आणि घर विकल्यावर किंवा माणूस गेल्यावर वसूल करतं. आम्ही तेच घेतलं आणि घर भाड्याने दिलं. भाडं उत्पन्नात धरलं जातं हे लक्षात ठेवा. घर रिकामं ठेवणार असाल तर मालक केअर होममध्ये गेलाय म्हणून काउन्सिल टॅक्सची सूट मिळते, अर्ज करावा लागतो.

८. होम निवडताना आणि सही करताना

सीक्यूसीचं (केअर होम तपासणाऱ्या सरकारी संस्थेचं) रेटिंग बघाच, पण मी तर जेवणाच्या वेळी न सांगता जाऊन बघा म्हणेन. लंडनच्या वायव्येला आणि लेस्टरला शाकाहारी गुजराती जेवण देणारी होम आहेत, वरणभाताच्या बरंच जवळ जातं. दुसरीकडे "व्हेजिटेरियन" म्हणजे रोज चीज सँडविच असू शकतं. बादली-मग्ग्याने आंघोळ, टॉयलेटला पाणी, बायकांकडूनच देखभाल, हे सगळं केअर प्लॅनमध्ये लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या शिफ्टला कळत नाही.

पैसे काउन्सिल देणार असेल तर त्यांच्या बजेटात बसणारं निदान एक होम त्यांनी दाखवायलाच हवं. महागडं हवं असेल तर वरचे पैसे दुसऱ्या कोणी, म्हणजे सहसा मुलांनी भरायचे, त्याला टॉप-अप म्हणतात. टॉप-अप ऐच्छिक असतो. गरज भागवणारं स्वस्त होम उपलब्धच नसेल तर तो तुमच्या माथी मारता येत नाही. गरजेत संस्कृती, धर्म, भाषा पण येते, हे लेखी मांडा.

हॉस्पिटलमधून घाईने डिस्चार्ज देताना सर्वात जास्त चुका होतात. "बेड हवाय, उद्या ११ ला हलवतोय" म्हटलं की माणूस दिसेल तिथे सही करतो. काँट्रॅक्टवर "गॅरंटर" (बिलाची हमी देणारा) असा शब्द असेल तर सही करू नका. पॉवर ऑफ अॅटर्नीने करत असाल तर नावापुढे "अॅटर्नी म्हणून" लिहा, नाहीतर बिल तुमच्या अंगावर येतं.

९. नाही म्हणाले तर

सीएचसीचा नकार आला तर ६ महिन्यांत फेरविचार मागता येतो, आधी स्थानिक पातळीवर, मग एनएचएस इंग्लंडकडे इंडिपेंडंट रिव्ह्यू. काउन्सिलबद्दल तक्रार आधी काउन्सिलकडेच, नंतर लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समनकडे (स्वतंत्र तक्रार निवारकाकडे), १२ महिन्यांच्या आत. एज यूके या वृद्धांसाठीच्या संस्थेच्या फॅक्टशीट फुकट आहेत आणि खरंच वाचण्यासारख्या. आम्ही पहिल्या असेसमेंटवर तक्रार वगैरे केली नाही, परिस्थिती बदलली म्हणून नवीन मागितलं, तेही चालतं.

१०. राहायला गेल्यावर

अटेंडन्स अलाउन्स (देखभाल लागणाऱ्या वृद्धांचा सरकारी भत्ता) मिळत असेल आणि काउन्सिल खर्च देत असेल तर २८ दिवसांनी तो बंद होतो, स्वतः कळवा, नाहीतर पुढे परत मागतात. सेल्फ-फंडरचा चालू राहतो. डिफर्ड पेमेंटवर असाल तर पुन्हा मागता येतो, कारण शेवटी सगळे पैसे तुमचेच जाणार, आम्हाला हे पाच महिने माहीत नव्हतं. सेल्फ-फंडरचे पैसे २३,२५० कडे यायला लागले की काही महिने आधीच काउन्सिलला लिहा, कारण ते मागच्या तारखेपासून सहसा देत नाहीत. आणि वही बंद करू नका. होममध्ये गेल्यावर काउन्सिलचा आणि नर्सिंगचा रिव्ह्यू होतो, तेव्हा तब्येत बिघडली असेल तर सीएचसीची चेकलिस्ट पुन्हा मागता येते. आईंची गेल्या महिन्यात मागितलीय, या वेळी दुभाषी मराठी आहे, नागपूरकडची.